सातव्या पायरीच्या आधीच पहिलीवर

“तुमचं आवडतं फ्रेमवर्क कोणतं?” हा प्रश्न मुलाखतीत येतो, मीटअपमध्ये येतो, एकदा तर लिफ्टमध्येही आला. (फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट ज्यावर उभी करतात तो तयार कोडचा सांगाडा. रिअ‍ॅक्ट, स्वेल्ट, जेक्वेरी ही अशाच तयार कोडची नावं.) आधी मी प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे. आता समोर कोण आहे ते बघते. रिअ‍ॅक्टवाला असेल तर ‘स्वेल्ट’ म्हणते, स्वेल्टवाला असेल तर ‘जेक्वेरी’. पुढचा अर्धा तास तोच बोलतो आणि माझी सुटका होते.

खरं उत्तर लांब आहे, आणि ते एका फॉर्मपासून सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची कमी आणि माझी जास्त होती. तिथे अर्ज भरायचा एक फॉर्म होता, सात पायऱ्यांचा. पाचव्या पायरीवर कागदपत्रांचे फोटो, सहावीवर ओटीपी, सातवीवर ‘सादर करा’. जुना फॉर्म सर्व्हरवर तयार व्हायचा. ‘पुढे’ दाबलं की पान पांढरं व्हायचं, दोन-तीन सेकंद तसंच राहायचं, मग पुढची पायरी यायची. दिसायला अगदीच भिकार. मी तो रिअ‍ॅक्टमध्ये नव्याने लिहिला. पायऱ्या बाजूने सरकत यायच्या, चूक झाली तर जागच्या जागी लाल ओळ, वरती भरत जाणारी पट्टी. डेमोला टाळ्या पडल्या. म्हणजे खरोखरच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दीडेक महिन्याने सपोर्टमधली सहकारी माझ्या टेबलापाशी आली. “अगं, तुझ्या फॉर्मवरून एक बाई फोनवर आहेत. चौथ्यांदा भरतेय म्हणतात. दर वेळी पहिल्या पानावर जातो.”

मी लॅपटॉपवर भरून पाहिला. चालला. माझ्या फोनवर भरला. चालला. मग मी तेच लिहिलं जे आपण सगळे लिहितो: ‘रिप्रोड्यूस होत नाही’. तिकीट, म्हणजे तक्रारीची किंवा कामाची नोंद, बंद.

त्या आठवड्यात अशी आणखी तिकिटं आली. शेवटी ती सहकारी स्वतःचा जुना फोन घेऊन आली, माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि मुकाट्याने फॉर्म भरायला लागली. मी बघत होते. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं नीट. पाचव्या पायरीवर तिने ‘फोटो काढा’ दाबलं. कॅमेरा उघडला. कागदाचा फोटो काढला, बरोबरच्या खुणेवर टेकवलं. ब्राउझर परत आला. पांढरं पान. गोल फिरणारं चक्र. पहिली पायरी. नावाची चौकट रिकामी आणि तिच्यात कर्सर लुकलुकतोय.

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बघ.”

झालं होतं ते असं. फोनची मेमरी थोडी. कॅमेऱ्याला ती भरपूर लागते. अँड्रॉइडला जागा करायची असली की मागे गेलेली कामं ते मारून टाकतं आणि त्यात ब्राउझरचा टॅबही जातो. परत आल्यावर ब्राउझर यूआरएल बघतो आणि पान नव्याने उघडतो. माझ्या फॉर्मचा यूआरएल सातही पायऱ्यांना एकच होता. भरलेली सगळी माहिती रेडक्सच्या स्टोअरमध्ये (पानाची माहिती ठेवायचा ब्राउझरमधला साठा), म्हणजे नुकत्याच मारलेल्या त्याच मेमरीत. ओटीपी बघायला कोणी मेसेज उघडले तरी हीच गत.

तो भिकार जुना फॉर्म प्रत्येक पायरीला सर्व्हरवर मसुदा जपून ठेवत होता. टॅब मेला तरी परत आल्यावर पाचवी ती पाचवीच. शिवाय साध्या एचटीएमएलच्या चौकटींत टाइप केलेलं ब्राउझर बहुतेक वेळा आपणहून परत भरून देतो. माझ्या चौकटी जावास्क्रिप्ट चालल्यावर जन्माला येत होत्या. त्याने भरायचं तरी कुठे?

माझा लॅपटॉप ३२ जीबीचा. माझ्याकडे टॅब मरतच नव्हता, त्यामुळे तो मरू शकतो हे माझ्या गावीही नव्हतं.

आता यावरून ‘रिअ‍ॅक्ट वाईट’ असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर थांबा. मी या धंद्यात आले तेव्हा जेक्वेरीचं राज्य होतं. जॉन रेसिगने २००६ मध्ये ती आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा निराळी होती आणि जेक्वेरीने त्या सगळ्यांशी भांडणं आपल्या अंगावर घेतली. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण जेक्वेरीत मोठं ॲप सांभाळलेल्या माणसाला विचारा. न वाचलेल्या मेसेजचा आकडा घंटीवर, डावीकडच्या यादीत आणि टॅबच्या शीर्षकात, असा तीन ठिकाणी. मेसेज वाचला की तिन्हीकडे जाऊन आकडा कमी करायचा. एक जागा राहिली की घंटी म्हणते दोन आणि यादी म्हणते शून्य. अशा राहिलेल्या जागा शोधण्यात माझी उमेदीची दोन वर्षं गेली. फेसबुकलाही हाच बग छळत होता. २०१४ मध्ये फ्लक्सची, म्हणजे माहिती एकाच दिशेने वाहू देणारी, रचना मांडताना त्यांच्या इंजिनीअरांनी चॅटच्या त्या आकड्याचंच उदाहरण दिलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१३ मध्ये, रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं झालं. जावास्क्रिप्टच्या मधोमध एचटीएमएल लिहायचं हे बघून लोकांनी नाकं मुरडली, मीही त्यांत होते. पण स्टेट, म्हणजे पानाची चालू माहिती, एका जागी ठेवायची आणि स्क्रीन तिच्यावरून काढायची, हे एकदा हाताला बसलं आणि वाटलं, पाठीवरचं पोतं कोणीतरी उतरवून घेतलं. अजूनही वाटतं. ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही ते जेव्हा म्हणतात की फ्रेमवर्क हवंच कशाला, तेव्हा मला त्यांना ती तीन ठिकाणची घंटी सांभाळायला द्यावीशी वाटते.

मध्ये अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचाही एक काळ होता. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलरची दुसरी आवृत्ती आली ती आडनावापुरतीच घरातली होती, जुना कोड तिच्यात चालेना. जुन्याचा सपोर्ट २०२१ संपताना बंद झाला. २०१५ मध्ये मी त्यात लिहिलेला एक डॅशबोर्ड अजून चालू आहे असं कानावर येतं. त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीवाल्यांवर हीच वेळ २०२३ च्या डिसेंबरात आली.

आणि मजा अशी की आपण गोल गोल फिरतोय. पान सर्व्हरवर बनायचं, ते ब्राउझरमध्ये आणलं, आता ‘सर्व्हर कंपोनंट’ म्हणून परत सर्व्हरवर नेतोय. नॉकआउट या लायब्ररीत २०१० सालीच ‘ऑब्झर्व्हेबल’ (बदलली की स्क्रीनही बदलणारी माहिती) होते, आज थोडं वेगळं अंग घेऊन तेच ‘सिग्नल’ म्हणून मिरवतात. मला याचा राग येत नाही. फक्त दर वेळी ‘क्रांती’ हा शब्द ऐकला की हसू येतं.

रागाची गोष्ट वेगळी आहे. रिअ‍ॅक्ट १८ पासून डेव्हलपमेंट करताना स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका पकडणाऱ्या कडक तपासणीत) प्रत्येक इफेक्ट (स्क्रीन दिसल्यावर चालणारं काम) मुद्दाम एकदा जास्तीचा चालवला जातो. मागची आवराआवर करायला तुम्ही विसरला असाल तर ते तिथेच उघडं पडावं म्हणून. मग आपण काय केलं? स्ट्रिक्ट मोड बंद केला. आपण म्हणजे मीसुद्धा, एका शुक्रवारी संध्याकाळी.

मुद्द्यावर येते. फ्रेमवर्क ब्राउझरसाठी नसतं. ब्राउझरला त्यातलं काही कळत नाही, शेवटी त्याच्या हाती पडतं ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. फ्रेमवर्क टीमसाठी असतं. नवा माणूस सोमवारी आला तर बुधवारी त्याला कोड कुठे लिहायचा ते कळावं, मी सोडून गेले तर माझं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यावं, माणसं भरती करता यावीत. ही कारणं अगदी रास्त आहेत. मी स्वतः दोनदा केवळ ‘माणसं मिळतात’ म्हणून रिअ‍ॅक्ट निवडलंय आणि त्याची मला लाज नाही. पण सोय आमच्या टेबलावर होते आणि तिचं बिल दुसऱ्याच कोणाच्या फोनवर फाटतं, हे मात्र त्या मीटिंगमध्ये कोणी उच्चारत नाही. डाउनलोड त्याने करायचं, जावास्क्रिप्ट त्याच्या प्रोसेसरने दळायचं, बॅटरी त्याची आणि चौथ्यांदा नाव-पत्ता भरायचा तोही त्यानेच.

शिवाय ब्राउझर काही गोष्टी फुकट देतो, त्या आपण आधी काढून टाकतो आणि मग अर्धवट परत बांधतो. मागे जायचं बटन. लिंक नव्या टॅबमध्ये उघडणं. पानात शब्द शोधणं. (लांब यादीतल्या फक्त दिसणाऱ्याच ओळी काढायची युक्ती वापरली की हे शेवटचं बंद पडतं, आणि हे तक्रार येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.) पॉपअप खिडक्या तर मी आयुष्यात किती वेळा लिहिल्या असतील देव जाणे. मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ‘डायलॉग’ हा टॅगच आहे. तो फोकस सांभाळतो, एस्केप दाबलं की बंद होतो. तरी परवाच एका नव्या प्रोजेक्टमध्ये खिडकीसाठी आणलेली वेगळी लायब्ररी पाहिली.

बटनाचंही तसंच. एचटीएमएलमध्ये ‘बटन’ नावाचा टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून हाताशी आहे आणि आपण ‘डिव्ह’ या साध्या चौकटीवर ऑनक्लिक (दाबल्यावर करायचं काम) लावतो, का, तर बटनाची मूळची स्टाइल काढायचा कंटाळा. मी हे वर्षानुवर्षं केलं. मग एकदा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणारे एक गृहस्थ आमचं ॲप तपासायला बसले. ‘पुढे’पाशी आले आणि थांबले. मी म्हटलं, “तिथे बटन आहे, ते दाबा.” ते म्हणाले, “तुम्ही म्हणता बटन आहे. मला नुसता ‘पुढे’ असा शब्द ऐकू येतोय. पुढे काय?” त्यांनी टॅब की दाबली तर फोकस त्या ‘बटना’ला वळसा घालून तळाच्या कॉपीराइटवर गेला. खोलीत आम्ही पाच जण होतो. कोणी काही बोललं नाही.

वेबएम ही संस्था दर वर्षी दहा लाख वेबसाइटांची मुख्य पानं यंत्राने तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर सुलभतेच्या निकषांना धरून नसलेल्या चुका निघाल्या. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चुका कोणत्या? पार्श्वभूमीत बुडालेली फिकट अक्षरं, चित्राला पर्यायी मजकूर नसणं, चौकटीला लेबल नसणं. यातलं काहीही कुठल्या फ्रेमवर्कने अडवून धरलेलं नाही. रिअ‍ॅक्टमध्येही लेबल देता येतं. त्याचं तिकीट निघत नाही, एवढंच.

अक्षरांवरून आठवलं. आपण कोड लिहिताना डोळ्यांपुढे जो वापरणारा असतो तो इंग्रजीतच टाइप करतो. ‘क्षमस्व’ हा शब्द जावास्क्रिप्टला मोजायला द्या, लांबी सात सांगतं. क, हलन्त, ष, म, स, हलन्त, व. म्हणजे ‘फक्त तीस अक्षरं’ अशी मर्यादा लावली की देवनागरीत नाव लिहिणारा निम्म्यावरच अडतो. एका मुख्य पानावर मी टाइप होत जाणाऱ्या मजकुराचं ॲनिमेशन केलं होतं. इंग्रजीत झकास. मराठीत ‘किती’ लिहिताना आधी ‘क’ यायचा, मग वेलांटी डावीकडे घुसायची आणि ‘क’ उजवीकडे ढकलला जायचा. शब्द उचकी लागल्यासारखा दिसायचा. माझीच भाषा, माझंच ॲनिमेशन, आणि मी ते मराठीत चालवून पाहिलं नव्हतं. आता मजकुराचे दिसणाऱ्या अक्षरांनुसार तुकडे करणारा इंटल.सेगमेंटर जावास्क्रिप्टमध्येच आहे, फायरफॉक्समध्येही एप्रिल २०२४ मध्ये आला. निदान तो वापरा.

लेफ्ट-पॅडची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे थोडक्यात. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्याच्यावर उभे असलेले, बेबल या लोकप्रिय साधनापासून कुठकुठले बिल्ड आडवे झाले. तेव्हा आम्ही त्या लेखकावर हसलो. अकरा ओळी स्वतः न लिहिणाऱ्यांवर, म्हणजे आमच्यावर, हसायला हवं होतं.

तंत्रज्ञान आणि समाज असं जोडीने म्हटलं की लोक एकदम मोठ्या गोष्टींवर जातात. लोकशाही, निवडणुका, मुलांचं लक्ष. माझा अनुभव त्यामानाने फार बारीक आहे. माझ्याकडे समाज तिकीट होऊन येतो. “कुकीच्या पट्टीत ‘मान्य’ मोठं आणि हिरवं करा, ‘नको’ सेटिंगच्या आत टाका.” एवढी एक ओळ. मी ते तासाभरात केलं. ‘मान्य’ला एक क्लिक, ‘नको’ला तीन. त्या तासात मला कुठलाही नैतिक प्रश्न पडला नाही, पडला तो मार्जिनचा. पुढे जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून. बातमी वाचताना मला माझी ती तासाभराची कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) आठवली. कमिटचा संदेश होता ‘बॅनर सुधारणा’.

कधीच न संपणाऱ्या स्क्रोलचंही तेच. आझा रास्किनने ते २००६ मध्ये काढलं आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मी काही शोध लावला नाही, फक्त बसवलं. एका साइटवर तळपट्टीत ‘संपर्क’ची लिंक होती. तिच्यापर्यंत पोहोचलं की नवी यादी लोड व्हायची आणि लिंक खाली पळायची. लोक तिला पकडायला धावतायत हे आम्हाला रेकॉर्डिंगमध्ये दिसत होतं. त्या मीटिंगमध्ये हशा पिकला, मग कोणीतरी म्हणालं की एंगेजमेंट वाढलीय, राहू दे.

हल्ली कोड लिहायला एआय आहे. मी वापरते, रोज वापरते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गेल्या महिन्यात गंमत म्हणून त्याला फक्त ‘अनेक पायऱ्यांचा अर्जाचा फॉर्म कर’ एवढंच सांगितलं. फ्रेमवर्कचं नाव काढलं नाही. त्याने रिअ‍ॅक्ट दिलं. प्रत्येक चौकटीला एक यूजस्टेट (स्टेट ठेवायची रिअ‍ॅक्टची सोय), सगळ्या पायऱ्या एकाच यूआरएलवर, सगळी माहिती मेमरीत. वाचताना अंगावर काटा आला. तो माझाच फॉर्म होता. शब्दशः नव्हे, पण घडण तीच. साहजिक आहे. गेली दहा-बारा वर्षं आम्ही जे लिहून ठेवलं तेच वाचून ते शिकलं. आम्ही हजारो जणांनी तो फॉर्म लिहिला, आणि तो दुरुस्त केल्याचं फार थोड्यांनी कुठे लिहिलं. उद्या कोणी खरंच चांगली नवी पद्धत काढली तरी तिची उदाहरणं कमी, म्हणून ती सुचवली जाणार कमी, म्हणून उदाहरणं आणखी कमी. फ्रेमवर्कांची लढाई संपली असेल तर ती अशी संपलीय, कोणी जिंकलं म्हणून नाही.

माझ्या फॉर्मचं पुढे काय झालं ते राहिलंच. आधी वाटलं सगळं लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे फोनवरच्या ब्राउझरच्या कायमच्या साठ्यात, टाकावं. मग सपोर्टवालीच म्हणाली, “अगं, एका फोनवरून घरातले चार जण भरतात. एकीची माहिती दुसऱ्याला दिसायची.” म्हणून प्रत्येक पायरीला स्वतःचा यूआरएल दिला आणि ‘पुढे’ दाबलं की मसुदा सर्व्हरवर ठेवला. रेडक्सची जवळजवळ सगळी गुंतागुंत त्यात निघून गेली. फ्रेमवर्क रिअ‍ॅक्टच राहिलं. ती चूक त्याने मला करायला लावली नव्हती. फक्त चुकीचा रस्ता उताराचा ठेवला होता आणि बरोबर रस्त्याला चढण होती, आणि मी दमलेली होते.

ती सहकारी नोकरी सोडून गेली तेव्हा तो जुना फोन मला देऊन गेली. कोपऱ्यात तडा गेलाय, चार्जर एका ठरावीक कोनातच लागतो. क्रोममध्ये ‘डिसकार्ड्स’ नावाचं एक आतलं पान आहे, तिथून कुठलाही टॅब मुद्दाम मारून बघता येतो, त्यामुळे या फोनची तशी गरज नाही. पण लॅपटॉपवर टॅब मारणं आणि हातातल्या फोनवर कॅमेऱ्यातून परत येऊन रिकामी चौकट दिसणं, यात फरक आहे.

गेल्या आठवड्यात टीममध्ये नवा मुलगा आला. हुशार आहे, आल्या आल्या त्याने एक फॉर्म लिहून दाखवला, सुरेख होता. मी खणातून फोन काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, यावर भर. तो भरत गेला, फोटोपर्यंत आला, कॅमेऱ्यातून परत आला आणि पांढऱ्या पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, “नेटवर्क गेलं असेल.”

मी म्हटलं, “असेल. परत भर.”